तोळामामांची पेटी

मामा कुठलीही वस्तू आधी तळहातावर घेत, मग बघत. पेरू असो, नवा मोबाइल असो की लग्नाची पत्रिका. हात दोनदा खालीवर व्हायचा आणि मग मत यायचं. त्यावरही समाधान झालं नाही तर खिशातून छोटा वजनकाटा बाहेर निघायचा. पत्रिकेचं वजन करून "कागुद बरा हाय, जेवण बी बरं आसंल" असं म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आम्ही भाचरं त्यांना तोळामामा म्हणायचो, आणि ते ओ द्यायचे.

विट्याच्या कितीतरी घरांतल्यासारखे तेही गलाईवाले. उभं आयुष्य कोइमतूरला सोनं गाळण्यात गेलं. तिथे राहून बोलण्यात तमिळ 'सरी' आला होता. व्यवहार पटला की 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणायचे. ॲसिडच्या धुरानं खोकला जडला, डॉक्टरांनी गलाईच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. दुकानावरच घर. मामी आधीच गेलेल्या. मग दुकान मुलाच्या हाती देऊन मामा एकटेच विट्याला परतले आणि नातू ओम तिकडे राहिला.

त्यांना कोणी तोडलं असेल तर या नातवानं. आजोबा आपल्याला टाकून गेले, असं त्या पोराच्या मनानं घेतलं होतं. मामा रोज फोन करायचे आणि पलीकडून 'हं' नाहीतर 'बरं' यायचं. दादा, म्हणजे मामांचा मुलगा, म्हणाला, संध्याकाळी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळताना मात्र माइकवर मित्रांशी त्याची टकळी थांबत नाही. मामांनी ते ऐकलं आणि सांगलीला माझ्याकडे आले. मी तिथे कॉम्प्युटर शिकवते.

"पोरी, त्यो जिथं बोलतोय तिथं मला बसीव," ते म्हणाले. "पर मुलाकडनं पैसं घ्यायचं न्हाईत. माझ्याजवळ हाय त्यातच बसीव."

जवळ होतं ते फारच बेताचं. गेमिंगचा कॉम्प्युटर म्हटलं की त्या रकमेवर दुकानदार पाणीही विचारत नाहीत. आम्ही एकेक भाग निवडायला बसलो. मामांचा प्रत्येक भागाला एकच प्रश्न असायचा, हे नसलं तर गाडी पळंल का? रंगीत दिव्यांची रॅम पहिल्याच फेरीत बाद झाली. झगमगाट गिऱ्हाइकासाठी असतो, म्हणाले, आपण कुठं गिऱ्हाईक बोलवायचंय. मला ते दिवे फार आवडले होते, पण यादीतून खोडले.

माधवनगरच्या समीरभाईंचं दुकान माझ्या ओळखीचं. मामांनी तिथे काउंटरवर वजनकाटा ठेवला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन पॉवर सप्लाय त्यांनी हातात तोलले, काट्यावर ठेवले आणि सर्वांत जड तो उचलला. आत तांबं कमी घातलं की वजन बोलतं, म्हणाले. समीरभाईंनीही तोच काढून ठेवला होता. दोघं एकमेकांकडे बघून खूश झाले आणि चहा आला.

त्या चहानंच घात केला, काट्यावरचा मामांचा भरवसा दुणावला. ग्राफिक्स कार्ड नवं परवडणार नव्हतं म्हणून समीरभाईंनी वापरलेली दोन पुढे ठेवली. एक लहानसं, एका पंख्याचं. दुसरं तीन पंख्यांचं, विटेएवढं, जुनं आणि थोडं स्वस्त. लहान घ्या, असं समीरभाई म्हणाले, मीही म्हणाले. मामांचा काटा मात्र विटेच्या बाजूनं होता, आणि काट्यापुढे त्यांच्या घरात कधी कुणाचं चाललेलं नाही.

त्या संध्याकाळी विट्याला सगळं जोडलं. दादानं ओमला तयार ठेवलं होतं. शर्यत सुरू झाली, मामांची गाडी हलली, आणि कॉम्प्युटर ठप्प बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. त्या जुन्या कार्डाची भूक आमच्या पॉवर सप्लायला भागवता येत नव्हती. फोनवर ओम एवढंच म्हणाला, "आजोबा परत निघून गेले." मामा पडद्याकडे बघत बसले. मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा ते कार्ड घेऊन समीरभाईंसमोर उभे राहिले.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "आमच्यात जड ते खरं. हितं ती अक्कल चालत न्हाई."

वापरलेला माल परत नाही, अशी पाटी त्यांच्या डोक्यावरच लटकत होती. समीरभाईंनी तिकडे पाहिलंही नाही आणि लहान कार्ड काढून दिलं. वरचा फरक भरायला पैसे नव्हते, म्हणून मामांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेटच परत केलं. मग हे सगळं ठेवणार कशात, असं मी विचारलं, तर म्हणाले, पेटी हाय की.

कोइमतूरच्या दुकानात सोनं वितळवायच्या मुशी आणि सांडशी ठेवायची ती सागवानी पेटी. मामांनी ती पुसली, खाली भोकं पाडली, वर जाळी ठोकली. गार हवा खालून, ऊन हवा वरून. त्यांनी जन्म भट्टीजवळ काढला होता, मला काही सांगावं लागलं नाही. धूळ अडवायला पंख्यावर मामींची पिठाची चाळण बसली. इतका कुरूप कॉम्प्युटर सांगली जिल्ह्यात दुसरा नसेल.

या खेपेला शर्यत बंद पडली नाही. मामांची गाडी सगळ्यांना वाट देत, वळणावर थांबत, बैलगाडीच्या चालीनं शेवटून पहिली आली. मग ओमनं व्हिडिओवर कॉम्प्युटर दाखवायला सांगितलं. मी फोन फिरवला.

"ही दुकानातली पेटी आहे," ओम म्हणाला. "मी हिच्यावर बसायचो."

"व्हय," मामा म्हणाले. "तू बसायचास म्हणून तर सोबत आणली."

त्यानंतर 'हं' आणि 'बरं' संपलं. रोज संध्याकाळी आजोबा-नातू शर्यतीत असायचे आणि मामा रोज हरायचे. ब्रेक दाबू नका म्हणून ओम ओरडायचा, मामा 'सरी' म्हणून पुन्हा ब्रेक दाबायचे. पुढच्या वर्षी ओमनंच बापाच्या मागे लागून दुकानापासून लांब घर घ्यायला लावलं. आजोबांनी तिथं यायचं, हे त्यानं परस्पर ठरवूनही टाकलं.

कोइमतूरला निघताना मामांनी पेटी मला दिली. मी म्हटलं, घेऊन जा, एवढ्या हौसेनं केलीत. त्यांनी पेटीवर हात ठेवला, पण या वेळी तोलून पाहिली नाही. सोनं निघालं की मुशीचं काम संपतं, म्हणाले, आता तू खेळ.

मी खेळते. तिकडे ओमनं आपला जुना लॅपटॉप आजोबांना दिला आहे आणि दोघं शेजारी बसतात. माइकवर मामांचा खोकला येतो, पूर्वीपेक्षा कमी. परवा मी आयुष्यात प्रथमच पहिली येणार होते, रेषा अगदी समोर दिसत होती. ओम रेषेच्या अलीकडे गाडी उभी करून थांबला होता.

"आत्या, थांब जरा," तो म्हणाला. "आजोबा येतायत."

मी ब्रेक दाबला.