पुसलेला एक कण

कुणीही पकडलेली नसताना स्वतःची चूक चारचौघांत सांगाल का हो तुम्ही? छातीवर हात ठेवून बोला.

आमच्या ओळखीच्या एक ताई विद्यापीठात कॉम्प्युटरवर औषधं शोधतात. रोगाच्या प्रथिनात एक खाच असते, तिच्यात चपखल बसेल असा रेणू पडद्यावर जुळवून बघायचा. जुळवण्याआधी, हिशोब सोपा व्हावा म्हणून, खाचेतले पाण्याचे कण पडद्यावरून पुसून टाकायची तिथली रीतच आहे. ताईंनीही पुसले आणि धाकट्या बहिणीच्या दुखण्यावर रेणू सापडला. औषध अजून बनायचं होतं, तरी केवढं नाव झालं!

अकरा वर्षांनी, जुनी फाइल चाळताना त्यांच्या ध्यानात आलं की पुसलेल्यांतला एक कण खाचेत घट्ट रुतून बसलेला असतो. तो ठेवला तर रेणू आत शिरतच नाही.

त्या तडक बहिणीकडे गेल्या. ती शेंगा सोलत होती.

"म्हणजे माझं औषध गेलं?"

"गेलं गं. मीच चुकले."

"तिकडे पाणी पुसत बसलीस, आणि घरात सांडलेलं मात्र कायम मी पुसायचं!" बहीण हसली, मग तिचे डोळे भरले. "सगळ्यांना कळवलंस?"

"कळवलं की नाव जाईल."

"जाऊ दे. माझ्यासारख्या कितीजणी आशेवर आहेत. त्यांना खोट्या आशेवर नको ठेवूस."

ताईंनी तिथेच बसून चूक जाहीर करणारं पत्र लिहिलं. आता विभागात त्यांना 'पाणीवाल्या बाई' म्हणतात. म्हणोत! तो कण जागेवर ठेवून त्यांनी पहिल्यापासून जुळणी सुरू केली आहे.

त्यांच्याकडे गेलात तर औषध कधी निघणार, हे तेवढं विचारू नका. बहिणीशेजारी बसा आणि चार शेंगा सोलून द्या.