फणसाच्या दाराचा घोडा

माझ्या मुलीचा घोडा मी एका जुन्या दारापासून केला होता. विजयदुर्गाच्या अलीकडे आमचं गाव. घराची मागची पडवी उतरवली तेव्हा ते दार निघालं आणि सामायिक खळ्यात, म्हणजे अंगणात, दगडी गडग्याला टेकून पडून राहिलं. पावसाळे त्याच्यावरून गेले. खालची कड कुजली, पण वरच्या फळ्या ठणठणीत होत्या. करवत लावली तर आतून हळदीसारखा पिवळा भुसा पडला. फणसाचं लाकूड.

सुतारकाम मला येत नव्हतं. नवरा रेडीच्या बंदरात कामाला, आठवड्याने घरी येणारा. घरात मी, सासू आणि तीन वर्षांची लेक. आंब्याच्या मोडक्या पेट्यांवर मी हात बसवला. पहिल्या स्टुलाचा एक पाय कायम हवेत असायचा. दुसऱ्याची फळी खिळा मारताना उभी चिरली, तेव्हा कळलं की आधी बारीक भोक पाडावं लागतं. बाहुलीचा पलंग मात्र बरा झाला. मग धीर करून डुलता घोडा करायला घेतला. खालच्या दोन वाकड्या पट्ट्या काही केल्या सारख्या होईनात. एकीवर दुसरी ठेवून, कानशीने घासघासून एकदाच्या जुळल्या. शेपटीला सासूने काथ्या वळून दिला. घोडा डुलला तेव्हा लेक उचकी लागेपर्यंत हसली.

त्या सकाळी ती घोड्यावर होती आणि मी पायरीवर बसून तिच्या खुर्चीसाठी पटाशीने खाच काढत होते. माझा चुलत दीर गडगा ओलांडून आला. घराचा दुसरा अर्धा भाग त्याचा. नवऱ्यापेक्षा वयाने मोठा, दारूला न शिवणारा, खालच्या आवाजात बोलणारा माणूस. वाटणीचा दावा कोर्टात गेल्यापासून तो आमच्याशी बोलत नव्हता. त्याच्या हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड होती.

"माज्या बापाशीचा दार कापूक तुका कोणी सांगल्यान?"

"भावजी, ता पावसात कुसत होता. चेडवासाठी केलंय."

"कुसांदे. कुसला तरी माजा."

त्याने लेकीला काखेत धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. अगदी हळू ठेवलं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मग कुऱ्हाड उगारली. पहिल्या घावात घोड्याची मान तुटून लांब जाऊन पडली. दुसऱ्या घावात पाठ फुटली. माणूस मारावा तसा तो मारत होता, प्रत्येक घावाला घशातून हुंकार काढत. ढलप्या उडत होत्या. एक लेकीच्या कपाळाला लागली आणि रक्ताची रेघ डोळ्यात उतरली. ती रडली नाही. तोंड उघडं ते उघडंच.

मी धावले. पटाशी हातात होतीच, ती त्याच्या हातावर मारली. कुठे मारते हे पाहिलं नाही. अंगठ्याच्या मुळाशी पातं आत गेलं आणि हाडाला अडलं, ते मला मुठीत कळलं. कुऱ्हाड खाली पडली. दुसऱ्या हाताने त्याने माझे केस धरले आणि डोकं गडग्याच्या चिऱ्यावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. माझेच दात माझ्या ओठात रुतले. मी त्याचं मनगट तोंडात धरलं आणि सोडलं नाही.

"सोड तिका, मेल्या! तुजो मुडदो बशिवलो!" सासू चुलीवरचा पेजेचा टोप घेऊन धावत आली आणि तो तिने त्याच्या पाठीवर ओतला.

तो किंचाळला तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. मग तो खळ्यातच बसला, रक्ताने भरलेल्या हाताकडे बघत. "माजो हात गेलो," एवढंच म्हणाला. आमच्यापैकी कुणाला म्हणाला असं नाही.

नाक्यावर रिक्षा एकच उभी होती. तो पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी, मागे मी लेकीला मांडीवर घेऊन. दवाखान्याच्या वाटेवर प्रत्येक वळणाला त्याची भाजलेली पाठ मागच्या दांडीला टेके आणि तो कण्हे. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, "नुकसान झालेली वस्तू काय?"

"घोडा."

त्याने मान वर केली.

"लाकडाचा. मुलीचा."

कुऱ्हाड, पटाशी आणि घोड्याचे तुकडे गोणपाटात बांधून त्यांनी नेले. गुन्हा दिरावर आणि माझ्यावर, दोघांवरही लागला. नवरा आला तो लोखंडी सळी घेऊनच. त्याने दिराच्या खिडक्या फोडल्या, अंगणातली मोटारसायकल चेचली. आतून जाऊबाई ओरडत होती. मी पायरीवर बसून ऐकलं. मला बरं वाटलं.

पण घरात आता लेकीचा खेळ बदलला. काठी घेऊन ती बाहुलीला झोडपायची. एकदा बघते तर पलंगाच्या फळ्या सुट्या करून त्यांवर दगड घालत होती.

"काय करतंस गो?"

"फोडतंय. काका फोडता तसा."

मी तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

त्यानंतर बरेच दिवस मी हत्यारांना शिवले नाही. मग आंब्याच्या लाकडाचा एक जाड ठोकळा घेतला, त्याला आरपार भोकं पाडली, बांबूच्या खुंट्या तासून त्यांत घट्ट बसतील अशा केल्या. लाकडाची छोटी हातोडी केली. तिच्यापुढे ठेवलं.

"फोडू?"

"फोडूक नको. ठोक. सगळे खाली गेले की उलटो कर, परत ठोक."

ती ठोकत राहिली. सकाळी उठली की ठोकायची, जेवण अर्धं टाकून ठोकायची. खुंट्या झिजल्या की मी नव्या करून द्यायची. बाहुलीला मारणं हळूहळू थांबलं. कधी थांबलं ते नेमकं सांगता येणार नाही.

गावातल्या मोठ्या माणसांनी मध्ये पडून फौजदारी मिटवली. वाटणीचा दावा चालूच आहे. दिराचा अंगठा वाकत नाही. माझ्या ओठाला आतून गाठ आहे, जिभेला लागते.

परवा लेक खळ्यात ठोकत बसली होती आणि मी फळी कापत होते. दीर पाठीमागच्या दाराने बाहेर आला आणि आवाज ऐकून थबकला. लेकीने त्याच्याकडे पाहिलं. थांबली नाही. नजर त्याच्यावर ठेवून जास्तच जोराने ठोकायला लागली. मी उठून उभी राहिले. तो काही वेळ तिच्या हातोडीकडे बघत राहिला, मग आत गेला आणि दार लावून घेतलं. करवत माझ्या हातात तशीच होती. ती खाली ठेवायला बोटं लवकर सुटेनात.