वीतभर वड

शिंदखेड्याकडून पत्रावळी घेऊन धुळ्याला येणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. दर मंगळवारी ती शेजारच्या खानावळीत माल द्यायची आणि पाणी प्यायला आमच्या ओट्यावर टेकायची. बोलतानाही तिचे हात एखादं सुटलेलं पान काडीने टाचत असायचे.

बायको गेली त्या साली मी अंगणातली तिची वडाची कुंडी घरात आणली. वटपौर्णिमेला पुजायला म्हणून तिने शेंडे खुडून खुडून तो वड वीतभरच ठेवला होता. तिचं लुगडं अजून खुंटीवर तसंच होतं; त्याखाली कुंडी ठेवली आणि ती घालायची तसं रोज तांब्याभर पाणी घालू लागलो. महिन्याभरात पानं गळून नुसत्या काड्या उरल्या.

"मेलं ते," मी त्या बाईला म्हणालो.

ती आत आली. मातीत बोट खुपसलं, मग नखाने साल जरा खरवडली. आत हिरवं होतं.

"मरेल झाड पान टाकस नही, भाऊ. सुकेल पान धरी ठेवस. जे टाकस, ते जगस." मग खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "अंधारामा इतलं पानी कशाले? भाईर ठेवा."

कुंडी ओट्यावर ठेवली. माती कोरडी लागली तरच पाणी घातलं. तिसऱ्या मंगळवारी काडीवर तांबूस कोंब दिसला. बाईने तो पाहिला, पाणी प्याली आणि टोपली उचलून गेली.

मी आत आलो, खुंटीवरचं लुगडं उतरवलं आणि त्याची घडी घातली.