गरी पाण्यात असताना

धाकू मयेकर बोटीवर स्वयंपाकी होते. १९८४ साली नोकरी सुटून ते भाट्याला घरी आले, तेव्हा पत्नी सुभद्राबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना फक्त मुडदुशी पचे, कारण तो मासा हलका.

थंडीत रोज सकाळी धाकू गुडघाभर पाण्यात गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, टाकून उभे राहत. "साहेबांना रांधून वाढलंत, आता बायकोची पाळी," असं सुभद्राबाई हसून म्हणत.

पौषातल्या एका सकाळी मासा लागतच नव्हता. मेहुणा लवू धावत किनाऱ्यावर आला. पण गरी पाण्यात असलेल्या माणसाला हाक मारली तर मासा जातो, असं आमच्याकडे मानतात. तो वाळूत बसून राहिला. तासाभराने धाकू दोन मुडदुश्या घेऊन बाहेर आले.

"ताईला धाप लागलीय, भावोजी. तुमचं नाव घेतेय."

"मग हाक का नाय मारलीस रे?"

"म्हटलं, एक तरी गावू दे तिच्यासाठी."

ते घरी पोचले तेव्हा सुभद्राबाई गेल्या होत्या.

धाकूंनी लवूला कधीच दोष दिला नाही. "त्याच्या जागी मीपण बसलोच असतो," एवढंच ते म्हणत.