स्कूटरला कळता कामा नये

बडोद्यात गाड्या बाळगणारे पुष्कळ झाले, पण गाड्यांची अब्रू बाळगणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा घरमालक होता. मी त्यांच्या घरचं अन्न खाल्लेलं आहे, तेव्हा हे थोडं वाढवून सांगतो आहे असं कुणाला वाटलं तर माझी तक्रार नाही. पण विमा कंपनीच्या मोटार विभागात सारी नोकरी काढलेल्या माणसाला गाडीवाले काही कमी भेटत नाहीत. गाडीला पोचा आला की कंपनीकडून काय मिळेल, असं विचारणारेच सगळे. पोचा आल्यावर गाडीला काय वाटत असेल, असं विचारणारा मला दुसरा भेटला नाही.

मी मूळचा शहाद्याकडचा. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मीच पहिला. बडोद्याला बी.कॉम.ला आलो तेव्हा घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत या घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, माडीवरची खोली मिळाली. काका तंत्रशाळेत मुलांना सुतारकाम शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घोडदळ गेलं, घोडे गेले, पण घोड्यांचे सगळे शब्द काकांच्या घरी राहिले. पोळाच्या तोंडाशी त्यांनी पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली होती, तिला ते पागा म्हणत. पागेत एक पिस्तारंगी स्कूटर आणि एक जुनी मोटार. सकाळी फडकं घेऊन खाली निघाले की काकूंना सांगत, खरारा करून येतो. पेट्रोल भरायला जाणं म्हणजे दाणापाणी. त्या वर्षांत शहरात नवनव्या कंपन्यांच्या चकचकीत गाड्या यायला लागल्या होत्या. अलकापुरीत एखादी दिसली की काका थांबून तिला चहूबाजूंनी न्याहाळत आणि म्हणत, "दिसायला देखणी आहे. पण कूळ कळत नाही."

मी पदवीधर झालो तेव्हा माझे वडील गावी होते, आणि पेढे पोळात काकांनी वाटले. गुजराती शेजाऱ्यांना दारोदार जाऊन सांगितलं, "अमारो छोकरो ग्रॅज्युएट थई गयो." त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि ग्रॅज्युएट राहिलं. "ग्रॅज्युएट, जेवलास का?" "ग्रॅज्युएट, तो बल्ब बदल." विमा कंपनीच्या मुलाखतीला त्यांनी मला स्कूटरवरून अलकापुरीला नेलं आणि मी बाहेर येईपर्यंत समोरच्या कडुनिंबाखाली उभे राहिले. नोकरी लागल्याचं सांगितलं तर आधी स्कूटरच्या सीटवर थाप मारून म्हणाले, "शकुनाची आहे ती." मग मला जवळ घेतलं. हा क्रम मला अजूनही योग्य वाटतो.

आता बोनसची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच झालं. ज्या वर्षी तुम्ही गाडीसाठी कंपनीकडे नुकसानभरपाई मागत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. मागितलीच नाही तर सूट वर्षागणिक वाढते. एकदा मागितली की गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिला आम्ही नो क्लेम बोनस म्हणतो. इतर लोकांच्या लेखी ती सूट होती. काकांच्या लेखी तो मान होता. त्यांच्या आजोबांच्या वेळी म्हणे दसऱ्याच्या मिरवणुकीत एक घोडा नगाऱ्याला बुजला, तर त्या सबंध पागेची पुढची जागा गेली आणि सगळ्या घोड्यांना मागून चालावं लागलं. न बुजलेल्यांनाही. हे काका सांगत तेव्हा त्या न बुजलेल्या घोड्यांसाठी त्यांचा आवाज बसे. म्हणून त्यांनी स्कूटरसाठी किंवा मोटारीसाठी कधीही क्लेम केला नव्हता. एकदा एका म्हशीने मोटारीचा दिवा शिंगाने फोडला. काकांनी नवा दिवा स्वतःच्या खर्चाने बसवला आणि म्हशीच्या मालकाला बजावून आले की याची कुठे वाच्यता नको.

या पागेत तिसरी गाडी आली ती काकूंसाठी. काकूंचं माहेर इंदूर. तिथे त्यांची थोरली बहीण होती, अक्का. काकूंच्या मणक्याचं दुखणं असं की थोडा वेळ बसलं की कळ उठायची आणि आडवं झाल्याखेरीज थांबायची नाही. आगगाडीचा अरुंद बाक, बस, काही जमत नसे. बहिणीबहिणींची भेट होऊन कित्येक वर्षं झाली होती. त्यात इंदूरहून फोन आला की अक्काला काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती दिवस टिकेल ते डॉक्टर सांगत नाहीत. काकू फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी आवरत राहिल्या. आवरण्यासारखं तिथे काही नव्हतं.

काका दुसऱ्या दिवशी जुनी मॅटॅडोर व्हॅन पाहायला गेले.

ती पोळात शिरेना, म्हणून सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रसिकभाईंच्या गॅरेजात उभी केली आणि काका रोज तिथे रंधा-करवत घेऊन जायला लागले. आतल्या सीटा काढल्या, सागवानी पलंग केला आणि तो तळाला बोल्टांनी आवळला. एका बाजूला शेगडीचा ओटा, वर भांड्यांची फळी, फळीला कठडा. रसिकभाई येईल त्याला ते दाखवत, "आ तो हालतुं चालतुं घर छे." सगळ्यात मला आवडली ती खिडकी. गाडीच्या मूळच्या खिडक्या वर होत्या. काकांनी पत्रा कापून खाली, बरोबर उशीच्या उंचीला आणखी एक केली. उताणं न राहता कुशीवर वळलं की रस्ता दिसावा. मापासाठी ते स्वतः उशी घेऊन पलंगावर आडवे झाले होते, आणि मग आठवलं की काकूंची उशी पातळ आहे, म्हणून ती आणायला घरी आले होते.

विमा उतरवताना आमच्या ऑफिसात वाद झाला. एक जण म्हणाला ही गाडी, दुसरा म्हणाला हे घर. आग लागली तर शेगडीची धरायची की इंजिनाची? शेवटी खासगी गाडी, आत पलंग, असं लिहून सगळे जेवायला गेले.

निघायच्या आधीच्या आठवड्यात काकांनी गाडीची रपेट काढली. मी बरोबर होतो. सावली गावाच्या पुढे रस्त्याच्या कडेला झाडाखाली जागा पाहून त्यांनी गाडी लावली. म्हणाले, आत चहा होतो का पाहू. आधण आलं आणि त्याच वेळी मागून कापूस भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली गेली. तिचा लोखंडी आकडा आमच्या गाडीत अडकला आणि पलंगाकडची सबंध बाजू, खिडकीसकट, डबा उघडावा तशी उघडली. आम्हाला कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शेतातली माणसं धावत आली आणि रस्त्यावर उघडं पडलेलं स्वयंपाकघर बघत उभी राहिली. एका बाईने लोणच्याची फुटलेली बरणी उचलून नीट बाजूला ठेवली. ट्रॅक्टरवाला हात जोडून उभा होता. काका किटली घेऊन उतरले आणि आधी त्याला चहा दिला. साखर कमी पडली आहे का, तेही विचारलं.

रसिकभाईंनी सांगितलं की कंपनी पैसे देणार असेल तर मी पैशांसाठी थांबतो, काम उद्याच धरतो. काका म्हणाले, कंपनीचं नाव काढायचं नाही, मी माझ्या हाताने हळूहळू करीन. हळूहळू म्हणजे दिवाळी उजाडली असती. मी त्यांच्यासमोर बसलो. मला वाटलं, आपण या विषयातले, आपण समजावलं तर पटेल. मी सांगितलं की काका, बोनस गाडीचा नसतोच, तो मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतलीत तर तो तुमच्यामागून नव्या गाडीवर येतो.

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे डाग घोड्याला लागत नाही. स्वाराला लागतो."

"तसं नाही, काका."

"मग तर विषयच मिटला ने?"

मी घाईघाईने दुसरं टोक धरलं. प्रत्येक गाडीची पॉलिसी निराळी, तिचा बोनस निराळा. मॅटॅडोरचा क्लेम केला तर मॅटॅडोरचाच बोनस जाईल, आणि तिला अजून तो लागूसुद्धा झालेला नाही. स्कूटरचा आणि मोटारीचा जसाच्या तसा राहील. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझी कंपनी कागद निराळे ठेवत असेल रे. पण पागा एकच आहे ना?"

काकू खाली चटईवर कुशीवर पडून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "अक्काला दिसतंय तोवर मला दाखवायला तोंड आहे," त्या म्हणाल्या. "मग ते कुणाला दाखवू? तुमच्या स्कूटरला?"

 दुसऱ्या दिवशी दुपारी काका आमच्या ऑफिसात आले. अंगात लग्नातला कोट. आणि आले होते रिक्षाने, हे मी लगेच ओळखलं, कारण स्कूटरची किल्ली नेहमी त्यांच्या हातात असे आणि आज हात मोकळे होते. आमच्या मॅनेजरसाहेबांना त्यांनी विचारलं की मॅटॅडोरची भरपाई मागितली तर स्कूटरबद्दल काही विचारणा होईल का. साहेबांना वाटलं की अपघातात स्कूटरही होती. मी मधे पडून घोडा, नगारा, मिरवणूक, सगळं सांगितलं. साहेब सज्जन माणूस. हसले नाहीत. त्यांनी तिन्ही गाड्यांच्या पॉलिसी मागवल्या, एकेक वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, स्कूटरने खबर ज नहीं पडे."

स्कूटरला पत्तासुद्धा लागणार नाही. माझ्या कायद्याने जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. काका परतताना रिक्षात ते वाक्य मराठीत म्हणून पाहत होते, पुन्हा गुजरातीत, पुन्हा मराठीत. पोळाच्या तोंडाशी उतरल्यावर पागेवरून जाताना मी क्लेमच्या तारखेचं काहीतरी बोलायला लागलो तर त्यांनी माझा दंड धरला आणि डोळ्यांनी स्कूटर दाखवली. "हळू," ते म्हणाले.

सर्व्हेअर आला तो नुकसान वाढवून सांगणाऱ्यांची सवय असलेला. काकांनी त्याची पंचाईत केली. ही चीर जुनी आहे, ती धरू नका. कुकरचा पोचा आमच्या घरचा. हा कठडा माझाच कच्चा बसला होता. काकूंनी माझ्याबरोबर निरोप पाठवला होता की लोणचं मुळीच मोजू नका, ते खारटच झालं होतं. शेवटी सर्व्हेअरच हळवा झाला आणि काकांना समजावू लागला की काका, थोडं तरी नुकसान झालं असं म्हणा. पलंग बोल्टने आवळलेला म्हणून गाडीचा भाग ठरला. रसिकभाईंनी पत्रा जोडला, रंग मात्र तंतोतंत जुळला नाही. खिडकीची चौकट काकांनी पुन्हा स्वतः केली, उशी घेऊन.

इंदूरला मीही रजा काढून गेलो. गोध्रा, दाहोद, मग डोंगर लागले. काकू कुशीवर पडून त्या खालच्या खिडकीतून बघत होत्या. गाई त्यांना बरोबर डोळ्याला डोळा भिडवून दिसत. मधेच हाका मारून आम्हाला काहीतरी दाखवायच्या, आणि ते आम्हाला वरून कधीच दिसायचं नाही.

अक्का वाट पाहत रस्त्यावरच उभ्या होत्या. हात धरून त्यांना गाडीत चढवलं. त्या पलंगाच्या काठावर बसल्या आणि काकूंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांनी निरखून पाहिलं. पाहायला वेळ लागला. मग म्हणाल्या, "किती पांढरी झालीस गं तू."

काकूंच्या केसांवरून बोलण्याची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, काकांचीसुद्धा. काकूंनी दोन्ही हातांनी अक्काचा चेहरा धरला आणि म्हणाल्या, "दिसलं तुला?" काका खाली उतरून बॉनेट पुसत उभे राहिले. बॉनेट स्वच्छ होतं.

पुढे स्कूटरच्या पॉलिसीचं नूतनीकरण आलं. बोनस आपल्या जागी होता, वर एक पायरी चढला होता. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कळलं नाही तिला." त्यानंतर पागेच्या आसपास कापसाच्या ट्रॉलीचा उल्लेख करायला आम्हाला बंदी झाली. पाहुण्यांना इंदूरची हकिकत सांगताना काका सावलीपाशी आले की गाडी न थांबवता एकदम गोध्र्यालाच पोचत.

काकू गेल्या, मग काही वर्षांनी काका. मॅटॅडोर त्यांनी आधीच एका संस्थेला देऊन टाकली होती, पलंगासकट. मी त्या घरात किती जेवलो, किती आजारपणं काढली, याचा त्या दोघांनी कधी शब्द काढला नाही. मी एकदा काढायला गेलो तर काकू म्हणाल्या, भात निवतो आहे. काकांनी जाण्याआधी स्कूटर माझ्या नावावर करून दिली. आता ती आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली उभी असते. रोज चालू होत नाही, पण खरारा रोज होतो. माझ्या मुलीला त्या मॅटॅडोरचा फोटो सापडला तेव्हा तिने मला तिथेच, जिन्याखालीच विचारलं की पप्पा, हिच्या या बाजूला रंग वेगळा का आहे?

मी तिला म्हटलं, चल, वर जाऊन सांगतो.