आर्व्हिलने न मारलेली हाक

आमच्या खोऱ्यात कुणाच्या घरी जायचं तर आधी फाटकाबाहेर थांबायचं आणि आपलं पूर्ण नाव घेऊन हाक मारायची. आतून "ये" आलं की मगच अंगणात पाऊल टाकायचं. हाक न देता येतो तो एकतर घरचा, नाहीतर वैरी. केंटकीच्या या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आर्व्हिल स्टिडम सव्वीस वर्षं शेरीफचा डेप्युटी होता, आणि या हाकेच्या जोरावरच तगला. टोपी उंच धरून ओरडायचा, "मी आर्व्हिल स्टिडम. तुला न्यायला आलोय, पण आधी जेवून घे." लोक खरंच जेवायचे आणि मुकाट त्याच्या गाडीत बसायचे. सगळेच नाही. चोरून दारू गाळणाऱ्या क्लेबर्न नोबलनं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं छऱ्यांनी उडवली. आर्व्हिलनं उरलेल्या बोटांनी त्याची मानगूट धरली, कुंपणाच्या खांबावर तोंड आपटलं आणि जबडा मोडला. पुढे महिनाभर त्याच क्लेबर्नसाठी दवाखान्यात सूप घेऊन जायचा. मवाळ माणूस नव्हता तो, पण डूख धरणाराही नव्हता.

गेल्या आठवड्यात तो गेला, एक्क्याऐंशी वर्षांचा होऊन. ज्या घरात जन्मला त्याच घरात. चर्चमध्ये वीस माणसंही नव्हती. आर्व्हिलनं म्हाताऱ्या एनस वर्लीला हाक न देता गाठून मारलं, हे खोरं विसरलेलं नाही. एनस वर्ली माझे सासरे. आणि हाक देऊ नकोस, असं आर्व्हिलला सांगणारी मी, ओमा वर्ली. हे चौतीस वर्षं आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

माझा नवरा डेन्व्हर खाणीतून परतला की आधी बाटली आणि मग मी, असा क्रम असायचा. त्या शनिवारी भरदुपारी त्यानं चुलीच्या लोखंडी सळईनं माझं खांद्याचं हाड मोडलं. मी कशीबशी खोलीत शिरून कडी लावली. तो स्वयंपाकघरात भरलेली बंदूक मांडीवर घेऊन बसला आणि ओरडून सांगू लागला, अंगणात कुणाचा आवाज आला तर पहिली गोळी दारातून तुला.

मी खोलीतला फोन उचलला आणि कुजबुजले. "आर्व्हिल, ये. पण हाक देऊ नकोस. हाक ऐकली की तो मला मारील."

तो म्हणाला, "ओमा, हाक न देता मी आजवर कुणाच्या अंगणात गेलो नाही."

"मग माझ्या मयतीला ये हाक देत," मी म्हणाले.

तो मागच्या बाजूनं, मक्याच्या कोठाराआडून आला. माझ्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. मागच्या ओसरीवर सासरे घेवड्याच्या शेंगा सोलत बसले होते. कोल्हा कोंबड्या पळवायचा म्हणून बंदूक शेजारीच टेकवलेली. त्यांना जरा कमी ऐकू यायचं, घरात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. कोठाराजवळ माणूस हलला तशी त्यांनी बंदूक उचलली.

"कोण रे तिकडे? बोल," ते म्हणाले.

आर्व्हिलनं नुसतं ओरडून नाव घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. याच म्हाताऱ्यानं त्याला खारींची शिकार शिकवली होती. पण त्यानं माझं ऐकलं. तोंडावर बोट ठेवलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ते बोट दिसलं नाही.

सासऱ्यांच्या छऱ्यांनी त्याची मांडी फाडली. पडता पडता आर्व्हिलच्या पिस्तुलाचा बार उडाला, आणि गोळी सासऱ्यांच्या गळ्यातून गेली. शेंगांची परात रक्तानं भरली. डेन्व्हर धावत बाहेर आला. आर्व्हिलनं एका पायावर उठून त्याची बंदूक हिसकावली आणि तिच्याच दस्त्यानं त्याचं डोकं फोडायला सुरुवात केली. मी बाहेर जाऊन आर्व्हिलचा हात धरला. लगेच नाही धरला, हेही सांगून टाकते. मला मारल्यापायी डेन्व्हर तुरुंगात गेला, पुढे तिथंच त्याला कुणीतरी भोसकून मारलं. मला रडू आलं नाही.

चौकशीत आर्व्हिलला विचारलं, हाक का दिली नाहीस?

"विसरलो," तो म्हणाला.

त्याची नोकरी गेली. वर्लींनी त्याचं गवताचं कोठार जाळलं, कुत्रं मारून फाटकाला टांगलं. माझी लेक लोरीन, तेव्हा अकराची होती, आजोबांच्या दफनाला कुबड्यांवर आलेल्या आर्व्हिलच्या बुटांवर थुंकली. मला राहवेना. त्याला दुकानात गाठून म्हटलं, "मी सांगून टाकते सगळं."

"वर्ली तुला जगू देतील? पोर तरी ठेवतील तुझ्याकडे?" तो म्हणाला. "गप बस, ओमा. मला आता सवय झालीय."

मी गप्प बसले. पोर मोठी झाली, तिची पोरं झाली, तरी मी गप्पच. भित्री म्हणा, स्वार्थी म्हणा, दोन्ही खरं आहे.

परवा लोरीननंच मला चर्चला नेलं, वाटभर तणतणत. "त्या खुन्याला फुलं कशाला, आई?" पाद्र्यानं विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का. सगळे बुटांकडे बघत बसले. आर्व्हिलच्या बायकोनं मान खाली घातली, आणि ती खालची मान मला बघवेना. मी उठले आणि वर लिहिलंय तेवढं सगळं बोलून टाकलं.

लोरीन म्हणाली, "त्या शेंगा ते माझ्यासाठी सोलत होते." आणि निघून गेली. घरी मला दुसऱ्या कुणीतरी सोडलं.

आज तिसरा दिवस. दुपारी मक्याची भाकरी ओव्हनमध्ये होती तेव्हा तिच्या गाडीचा आवाज आला. लोरीन आली की धाडकन दार ढकलते आणि आधी फ्रिजमध्ये डोकं घालते. आज इंजिन बंद झालं आणि पावलं काही वाजेनात.

मग फाटकाबाहेरून आवाज आला. "मी लोरीन वर्ली. आत येऊ का?"

"ये," मी म्हणाले. आवाज पोचला नसावा, कारण तिनं पुन्हा पूर्ण नाव घेऊन हाक मारली.