मुदतीवर दिलेली जमीन

शेंद्र्यात कुणालाही विचारलं, रामकिसनची तनुजा शहरात काय शिकते, तर 'वकिली' एवढंच उत्तर मिळायचं. वकिली तिची केव्हाच शिकून झाली होती. आता ती एलएलएम करत होती आणि त्यात तिनं आशिया आणि पॅसिफिक देशांचे कायदे हा विषय घेतला होता. वर्गात विद्यार्थी तीनच. सत्यमला कोरियाचे कंपनी कायदे हवे होते आणि इंद्रजीतला जपानचे, कारण त्यात नोकरीची आशा होती. तनुजानं निवडलं वनुआतू, ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडचं, बेटाबेटांचं एवढंसं राष्ट्र.

सुलेखा मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "का गं? यावर नोकरी कोण देणार तुला?"

"तिथला जमिनीचा कायदा वेगळा आहे, मॅडम," एवढंच तिला सांगता आलं.

तनुजा चौथीत असताना त्यांचं भोकरीचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलं. बांधावर भोकरीचं झाड होतं, म्हणून ते नाव. त्याच्या चिकट फळांनी ती वह्यांना कव्हरं चिकटवायची. शेत जाताना फसवणूक कुणी केली नाही. मोबदला मिळाला, जालना रोडजवळ घर झालं, रामकिसननं कंपन्यांना पाण्याचे जार पोचवायचा धंदा टाकला आणि तो चाललाही. गाव म्हणायचं, रामकिसनचं भलं झालं. त्यामुळे घरात त्या शेताची हळहळ करायची सोयच राहिली नाही. तनुजाला मात्र ते आठवायचं. अभ्यास करताना, सिटी बसमध्ये, कधी उगाचच. आपल्या एकटीलाच हे होतं, आपणच वेड्या, असं तिनं धरून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी जेवताना तिनं सहज विषय काढला. "अण्णा, मी ज्या देशाचा अभ्यास करते ना, तिथं जमीन विकताच येत नाही. ज्यांच्या वाडवडलांची, त्यांचीच राहते. बाहेरच्याला द्यायची तर मुदतीनं, भाड्यानं."

रामकिसननं भाकरी मोडता मोडता मान वर केली. "आन् कारखाना काढायचा आसंल तर?"

"तरी भाड्यानंच."

"मंग मुदत सरली की माघारी देतेत?"

"कायदा तसा आहे."

"व्हय?" तो म्हणाला आणि पुन्हा भाकरी मोडायला लागला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, मुदत किती असते. तिनं सांगितलं, जास्तीत जास्त पंचाहत्तर वर्षं. तिसऱ्या दिवशी विचारलं, मधेच बाप मेला तर पोरांना मिळते का. मग रोज काही ना काही. तनुजाला नवल वाटलं. स्वयंपाकघरात तिनं आईला विचारलं, "अण्णांना काय झालंय?"

द्वारकाबाई भांडी विसळत होत्या. मागं वळून न बघता त्या म्हणाल्या, "काय व्हायचं? ह्यांचा टेम्पो इतक्या वर्षांत एकदा तरी भोकरीवरनं गेलाय का, विचार. तिकडच्या कंपनीला जार द्यायचे आसले तर लांबून वळसा घालून जातेत. मला वाटलं, तुला ठाव हाय."

तनुजाला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून बापलेक एकाच जागेसाठी झुरत होते, आणि दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नव्हतं.

त्याच सुमारास सुलेखा मॅडमनी वनुआतूतल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन चर्चा ठरवली. तिथं तनुजाला रोझलिन भेटली, तिच्याच वयाची, कायदा शिकणारी. तनुजानं त्यांच्या कायद्याचं मनापासून कौतुक केलं. रोझलिननं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आमचा किनारा माझ्या आजोबांनी हॉटेलला भाड्यानं दिला. माझ्या जन्माच्या आधी. तो आमचाच आहे. पण मी त्यावर कधी पाऊल टाकलेलं नाही. मुदत संपेल तेव्हा मी म्हातारी असेन."

पुढं त्या दोघी चर्चेशिवायही बोलायला लागल्या. तनुजानं रोझलिनची गोष्ट बापाला सांगितली. वाटलं होतं, तो निराश होईल. पण तो म्हणाला, "उद्या चल माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी टेम्पो वळसा न घेता सरळ गेला. भोकरीच्या शेताला तारेचं कुंपण होतं. आत अजून काहीच बांधलेलं नव्हतं. गवत, वेडी बाभळ आणि कंपनीच्या नावाची रंग उडालेली पाटी. राखणदार कडुबा गावचाच. "आत या की, तात्या," तो रामकिसनला म्हणाला. रामकिसन आत गेला नाही. तारेला हात लावून उभा राहिला.

"आपल्यात नाय का तसं?" त्यानं विचारलं. "वापरली नाय तर माघारी?"

तनुजानं ते आधीच तपासलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. "तसा कायदा आहे, पण आपलं प्रकरण त्यात बसत नाही, अण्णा."

"बरं," तो म्हणाला. "न्हाई तर न्हाई."

एलएलएम संपल्यावर तिला वनुआतूतल्या त्याच विद्यापीठात वर्षभराच्या संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली. द्वारकाबाईंना लेक इतकी लांब जाणं पसंत नव्हतं. रामकिसन मात्र म्हणाला, "जाऊ दे तिला. मुदतीची वाट बघणारी माणसं कशी जगतेत, बघून येऊ दे." आणि चिकलठाण्याच्या विमानतळावर तो नातेवाइकांच्या मागं, लांबच उभा राहिला.

पहिल्याच महिन्यात रोझलिन तनुजाला आपल्या गावी घेऊन गेली. टेकडीवरच्या तिच्या घरातून तो किनारा दिसत होता. पांढऱ्या छत्र्या, खुर्च्या आणि पलीकडं निळं पाणी. रोझलिनची आई त्या बाजूला पाठ करूनच बसत असे. तनुजाला द्वारकाबाईंनी सांगितलेला टेम्पोचा वळसा आठवला आणि तिला घर इतकं आठवलं की तिनं तिथूनच फोन लावला. तिथं दुपार कलली होती, शेंद्र्यात सकाळ होती. तिनं बापाला व्हिडिओत किनारा दाखवला.

रामकिसननं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "तिला विचार, हातात आल्यावर काय लावणार तिथं?"

तनुजानं विचारलं. रोझलिन थबकली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. वकिलांनी, शिक्षकांनी सगळ्यांनी कलमं विचारली होती. "वाळूच्या मागं थोडी माती आहे," ती सावकाश म्हणाली. "तिथं याम. कंद असतो आमचा. आजी लावायची."

"मंग सांग तिला," रामकिसन म्हणाला, "लई वर्षं वापरात नसलेली जमीन घट्ट होती. पहिल्या साली कायबी धरणार नाय. तिनं घाबरू नाय. ताग पेरावा, मोडून तिथंच गाडावा, त्याचं खत होतंय, दुसऱ्या साली बघावं."

तनुजा एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. रोझलिन गंभीरपणे मान हलवत राहिली, जणू हे सगळं येत्या हंगामातच करायचं होतं. मग रामकिसन नांगरटीबद्दल बोलला, ओलीबद्दल बोलला, दगड वेचायचे ते कोणत्या बाजूनं, याबद्दल बोलला. पाठीमागून द्वारकाबाई म्हणत होत्या, "आवं, जार न्यायचेत ना?" पण तो बोलतच राहिला. इतकं बोलताना तनुजानं त्याला ती चौथीत असल्यापासून ऐकलं नव्हतं, आणि मधे थांबवायचं तिच्या जिवावर आलं.